माटोळीच्या कडीला एटीव्ही

पार्से गावात मी ज्यांच्याकडे भाड्याने राहत होतो, त्यांच्या अंगणात पहिल्यांदा पाऊल टाकलं आणि माझा आ वासला. पुढे बदली होऊन मी तिथून निघालो तेव्हाच तो मिटला. मधल्या काळात तोंडात माशांनी बिऱ्हाड केलं असेल, लग्नमुंजी उरकल्या असतील, तर मला कल्पना नाही.

अंगणात फणसाखाली सोफा होता. चांगला, मखमली, ताडपत्री पांघरलेला. त्याच्या शेजारी लग्नातलं शिसवी कपाट, आरशासकट, आणि त्या आरशात एक कोंबडी स्वतःशी भांडत होती. म्हटलं, घर रंगवायला काढलं असेल. आत गेलो. जिथे माणसांनी बसायचं त्या बाहेरच्या खोलीत पाण्याचे पंप, गवत कापायचं यंत्र, फेरीबोटीच्या इंजिनाचा माणसाच्या धडापेक्षा मोठा तुकडा, आणि मधोमध खाटेवर, डोक्याखाली उशी घेऊन, एक स्कूटर आडवी झोपलेली.

"बसा," घरमालक म्हणाले. कुठे, ते म्हणाले नाहीत.

"सामान बाहेर का हो?" मी विचारलं.

"जां हालता तां घरात. जां हालना तां भायर," ते म्हणाले. "सोफ्याक सर्दी जाता काय कधी?"

माझ्या वाट्याच्या खोलीत खाटेखालीही एक पंप निघाला. मी तो हलवा म्हटलं, तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी त्यांच्या सासऱ्याला घराबाहेर काढायला सांगितलं. "तो आदीपासून ऱ्हवता हंय. तू आता इलंस. तेका उठात म्हणान सांगू कसो?"

तर असे आमचे भाटकार. गोव्यात भाटकार म्हणजे मोठ्या जमिनीचा मालक. यांच्या मालकीचे घरामागचे चार माड आणि डोंगरावर काजूचा एक उतरता तुकडा, ज्यावर उभं राहायचं तर एक पाय आखूड असलेला बरा. पण रुबाब असा, की मीसुद्धा त्यांना भाटकारच म्हणू लागलो. आणि मी मूळचा मयेचा, डिचोली तालुक्यातला, म्हणून ते मला शेवटपर्यंत डिचोलकार म्हणत राहिले. आईवडिलांनी ठेवलेलं माझं नाव त्यांना ठाऊक होतं की नाही, देव जाणे.

आयुष्यभर त्यांनी फेरीबोटीचं इंजिन सांभाळलं. त्या इंजिनाच्या आवाजात राहून माणसांचं बोलणं त्यांना अर्धंच ऐकू येई, आणि त्यांचं त्याविना काही अडत नसे. यंत्रांचं मात्र सगळं ऐकू येई. यंत्राशी ते 'तुमी' म्हणून बोलत आणि माणसांना सरसकट 'तू'. सकाळी स्कूटरपाशी जाऊन, "उठात. नीज बरी लागली मा?" आणि लगेच मागे वळून भटजींना, "काय रे भटा, खंय चल्लंस?" भटजी वयाने मोठे, गावाला पूज्य. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझ्या हातातला पाव चहात पडला.

त्यांच्या कानावर पेन्सिल असावी तसा कायम एक लांब स्क्रूड्रायव्हर. त्याचं टोक यंत्राला लावायचं, मूठ कानाला, आणि डोळे मिटून ऐकायचं. असं ऐकून ते पंपाच्या पोटातलं दुखणं सांगत, आणि ते कधी चुकलं नाही. एकदा मला खोकला झाला तर तोच स्क्रूड्रायव्हर त्यांनी माझ्या छातीला लावला. बराच वेळ ऐकलं. "तेल नाय," म्हणाले, आणि खोबरेल तेलाची वाटी माझ्या हातात दिली. भटजींच्या पोटाला लावून तर त्यांनी भर सत्यनारायणाला निदान केलं होतं: "भटा, पाणी उकळता तुझ्यात. वायंच कमी जेव."

अशा माणसाच्या घरात एटीव्ही आली, ती मात्र हौसेने आली नाही. ती आकासाठी आली.

आका म्हणजे भाटकारांची थोरली बहीण. लहान वयात विधवा होऊन परत आली, आईमागे या भावाला तिने वाढवलं, आणि म्हातारपणी डोंगरावरच्या त्या काजूच्या भाटात, म्हणजे बागेत, जुन्या खोपटाचं पक्कं घर करून एकटीच राहू लागली. वर जायला रस्ता नाही. मुळं, चिरे आणि चिखल यांनी मिळून केलेली एक वाट आहे. चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, आली की भाटकारांचे चार पुतणे वर जात, आकाला कदेलीवर, म्हणजे लाकडी खुर्चीवर बसवत, खुर्ची खांद्यांवर घेत आणि खाली मूळ घरी आणत. या घराची चवथ आकाविना होत नसे. ती गणपतीसमोर बसून बोट दाखवी आणि ज्या फळाकडे बोट जाई ते गणपतीवरच्या माटोळीत बांधलं जाई.

त्याआधीच्या चवथीला खुर्ची दारात उतरली तेव्हा ती सगळ्यांदेखत म्हणाली, "चौघांच्या खांद्यार माणूस एकदाच चडता. तुमी माका दर वर्सा चडयतात. आता पुरे. चाकार न्हेतलात तर येतलंय. नायतर तुमची चवथ तुमका."

सगळे हसले. भाटकार हसले नाहीत. चाकावर म्हटल्यावर त्यांना अर्धं नाही, सगळं ऐकू आलं होतं.

पाऊस सुरू व्हायच्या सुमारास त्यांनी हरमलहून एक एटीव्ही आणली. चार फुगीर चाकं, मोटारसायकलसारखं हँडल, घोड्यासारखी बैठक. किनाऱ्यावर पर्यटकांना पाठीवर घेऊन वाळूत उड्या मारण्यात तिचं तारुण्य गेलेलं. टेम्पोतून उतरली तेव्हा तिची मागची चाकं अशी डुलत होती, की मला वाटलं, विकणाऱ्याने तिला शेवटचा पेग पाजून पाठवलंय. भाटकारांनी मागचं चाक वरून आणि खालून धरलं आणि हलवलं. कट् कट् आवाज झाला. स्क्रूड्रायव्हर लावला. डोळे मिटले.

"बाईसाहेब कमरेतसून गेली," ते हळूच म्हणाले, तिला ऐकू जाऊ नये अशा बेताने. "मागच्या एक्सलची बेरिंगां खाल्ली समुद्रान. अजून थोडो समुद्र हिच्या पोटात असा."

"पेडण्यात गॅरेज आहे की," मी म्हणालो.

"तुझी आवस आजारी पडली तर तिका बाजारात ठेवन येतंस?"

तर ती घरी राहिली. बाहेरच्या खोलीत. स्कूटरला खाटेवरून उठवून भिंतीशी बसवलं आणि बाईसाहेबांची सोय झाली. पण मागची बाजू उचलून धरायची कशी? जॅक शेणाने सारवलेल्या जमिनीत रुतू लागला. भाटकारांनी वर पाहिलं. मीही वर पाहिलं, आणि माझ्या अंगावर काटा आला, कारण तुळईला त्या चार लोखंडी कड्या होत्या.

माटोळी म्हणजे आमच्याकडे गणपतीच्या डोक्यावर टांगायची लाकडी चौकट. कुळागरातली, म्हणजे घरच्या बागेतली, फळं, रानातल्या वेली, सुपारीचे घोस, तोरिंजनं, काय काय तिला बांधतात. ती चौकट ज्या कड्यांना टांगायची त्या कड्यांना वर्षभर कुणी हातसुद्धा लावत नाही. भाटकारांनी त्या कड्यांतून दोर ओवला, कप्पी लावली आणि बाईसाहेबांची कंबर वर उचलली.

वयनी, म्हणजे भाटकारांच्या पत्नी, स्वयंपाकघरातून आल्या आणि दारातच थांबल्या. हातातला नारळ खाली पडून गडगडत माझ्या पायापाशी आला.

"ओ! देवाच्यो कड्यो त्यो!"

"देव इलो काय?" भाटकार वर न पाहता म्हणाले. "नाय मा? मगे रिकाम्योच असत."

"गणपती म्हणतलो, माज्या डोक्यार कोण टांगलेली?"

"सांग, आकाक हाडूची असा म्हणान. तो वळखता तिका."

वयनींनी माझ्या पायापाशी आलेला नारळ उचलला आणि आत गेल्या. आकाचं नाव आलं की त्या घरात रागसुद्धा चप्पल काढून बाहेर उभा राहायचा.

मग एक्सल काढायचं काम. गंज असा धरलेला, की एक्सल आणि तिचं घर यांचं लग्न लागून नातवंडं झाली होती. लोखंडी हातोडा मारला तर आटे चेचतील, म्हणून भाटकारांनी टोकाला नट परत चढवला आणि वयनींचं मुसळ मागितलं. मागितलं म्हणजे आणलं. धप्प, धप्प, धप्प. दोन दिवस. शेजारणी जनेलातून बघून एकमेकींना म्हणाल्या, वयनीची चवथीची तयारी बघा, अजून श्रावण सरला नाही आणि मोदकांचे तांदूळ कुटायला घेतले. कौतुक इतकं वाढलं की दोघीतिघींनी ईर्ष्येने आपापली मुसळं काढली. सगळा वाडा धपधपू लागला. पलीकडच्या गावातून माणूस विचारायला आला, की काय, पूल बांधता?

शेवटच्या ठोक्याला एक्सल सुटली ती सरळ. दारातून बाहेर, अंगण ओलांडून, सोफ्यात. सोफा हातभर मागे सरकला. भाटकार दारात येऊन त्याच्याकडे संशयाने बघत राहिले. हा आता हालू लागला, म्हणजे याला घरात घ्यावं लागतं की काय, ही काळजी त्यांच्या चेहऱ्यावर मी स्पष्ट वाचली.

जुनी बेरिंगं बाहेर काढली तर आत गोळ्या कुठल्या? भाजलेले हरभरे. आणि हरमलची मूठभर वाळू. भाटकारांनी ती वाळू तुळशीत टाकली.

नवी बेरिंगं म्हापशाहून आली. ती घट्ट बसतात. नुसती ठोकून घातली तर बिघडतात. म्हणून बेरिंग गारठवायचं, म्हणजे ते अंग चोरतं, आणि ज्या लोखंडी घरात ते बसवायचं ते तापवायचं, म्हणजे ते पसरतं. मग एक दुसऱ्यात आपोआप उतरतं. श्रावणात आमच्याकडे मासे बंद. त्यामुळे वयनींच्या फ्रीजरमध्ये नुसती थंडी राहत होती. भाटकारांनी बेरिंगं वर्तमानपत्रात गुंडाळून तिथे ठेवून दिली. चवथ येईपर्यंत राहू देत, म्हणाले, हाडापर्यंत गार होऊ देत.

एका दुपारी भटजी आले. उन्हाची तिरीप, थंड पाणी हवं होतं. घरचेच असल्यासारखे ते, स्वतःच उठले, बर्फासाठी फ्रीजर उघडला, आणि बघतात तर वर्तमानपत्रातलं, सुंगटांसारखं, म्हणजे कोळंबीसारखं, गोल गोल, थंडगार पुडकं. भटजी पांढरे पडले.

"वयनी," ते कुजबुजले, "श्रावणात?"

 गावात बातमी जायला फक्त भटजींच्या धोतराने उंबरा ओलांडायची खोटी होती. तेवढ्यात भाटकार आले, पुडकं घेतलं आणि मेजावर आपटलं. ठण्ण!

"खा भटा," ते म्हणाले. "सुंगटां असत. कवचासकट खा."

त्याच पुडक्यात एक जाड नळीही होती. दोन बेरिंगांच्या मधोमध ती बसते, त्यांना एकमेकांपासून लांब ठेवते. ती विसरली तर सगळं काम फुकट. भाटकार ती मला दाखवून म्हणाले, "दोन बेरिंगां एकामेकाक टेकली की जळतत. मदी जागा ऱ्हवाक व्हयी. घो-बायलेचां तसांच." आतून वयनींचा आवाज आला, "म्हणान मदी पंप ठेयलेत काय?"

चवथीच्या आदल्या दिवसाची गोष्ट. वयनी नेवऱ्या तळत होत्या. नेवऱ्या म्हणजे चवथीच्या करंज्या, पहिला घाणा देवाचा. मोठ्या कढईत तेल असं तापलेलं, की त्यात थेंब पडला तर तोही फुलून वर यावा. भाटकारांनी ते लोखंडी घर रॉकेलने धुतलं होतं, साबणाने धुतलं होतं, चिंचेने घासून समईसारखं लखलखीत केलं होतं. ते चिमट्यात धरून ते स्वयंपाकघरात आले.

मला वाटलं, वयनींना दाखवायला आणलंय.

त्यांनी ते कढईत सोडलं.

नेवऱ्या बाजूला सरकल्या. पाहुणा आला तशा. वयनींच्या हातात झारा होता, तो तसाच हवेत राहिला. मी देवाचं नाव घ्यायला गेलो तर कुठला देव, तेच आठवेना.

"नेवऱ्येक जितको येळ लागता तितकोच," भाटकार म्हणाले. "तांबसां होवक दी."

मग त्यांनी ते बाहेर काढलं, फ्रीजरमधून बेरिंग आणलं, त्यावर धुकं जमलेलं, आणि नुसत्या बोटांनी ठेवलं. टुप्प. उतरलं. मधे नळी. दुसरीकडून दुसरं. टुप्प. जावई सासरी जेवायला बसतो तितक्या सहज. वयनींनी गॅस बंद केला, सगळं तेल ओतून टाकलं, कढई घासली आणि नवं तेल चढवलं. या सगळ्यात एक शब्द नाही. मला वाटतं, शिव्यांचीसुद्धा काहीतरी मर्यादा असते आणि वयनी तिच्या पलीकडे निघून गेल्या होत्या.

दुपारी बाईसाहेब जोडून पूर्ण झाल्या. भाटकारांनी मागचं चाक हाताने फिरवलं. ते फिरत राहिलं. स्क्रूड्रायव्हर लावला. आम्ही सगळे श्वास रोखून. चाक फिरतंय, फिरतंय, आणि काहीसुद्धा ऐकू येत नाही.

"गप असत," ते म्हणाले. त्यांचे डोळे ओले झाले होते. माटोळीच्या कड्या मोकळ्या करून, पुसून, त्यांनी मला मागे बसवलं आणि आकाला आणायला आम्ही निघालो.

तो चढ मी बसून चढलो असं म्हणणं बरोबर नाही. काही वेळ मी गाडीवर होतो, काही वेळ गाडी माझ्यावर होती, आणि एका वळणाला तर आम्ही दोघंही नव्हतो, नुसते भाटकार होते. पण मागची चाकं? हूं की चूं नाही.

आका दारात तयार होऊन बसली होती. नवं लुगडं, डोक्याला तेल, मांडीवर गाठोडं. वाटेकडे डोळे लावून.

"हाडलंस मगे," ती म्हणाली.

"हाडलंय. बस."

आका काठी टेकत जवळ आली. बैठकीवर हात ठेवला. पाय उचलला. पाय जमिनीपासून वीतभर वर आला आणि थांबला.

"वायंच वर घे गो."

"ह्योच वर."

भाटकारांनी तिला धरून उचलायचा प्रयत्न केला, तर ती अशी ओरडली की झाडावरचे कावळे उडाले. एका अंगाने बसवून पाहिलं. बैठक घोड्यासारखी रुंद, धरायला काही नाही, आणि खाली उतार असा की ती जागेवरच घसरली. मी झेललं म्हणून बरं. आम्ही तिला परत दारात बसवलं.

भाटकार गाडीपाशी गेले. खरं सांगतो, त्यांनी स्क्रूड्रायव्हर काढला आणि गाडीला लावला. दोष तिथेच असणार, दुसरीकडे कुठे असेल? बराच वेळ ऐकलं. तिथे काही नव्हतं. मग ते आकासमोर उकिडवे बसले आणि तिच्या पायाकडे बघू लागले. मला वाटतं, जन्मात पहिल्यांदा.

"कधीपासून असां?"

"पावसाच्या आदी. बावडेर घागर भरताना पडलंय."

"आनी माका सांगूक नाय?"

"तू विचारलंस खंय?" आका म्हणाली. आवाजात राग नव्हता, तो असता तर बरं झालं असतं. "दर आयतवारा येतंस. बावडेरच्या पंपाकडे जातंस. 'कसो असात? तान लागली काय?' मी दारात उबी असतंय. तू पंपाक विचारतंस आनी जातंस."

भाटकारांचा आ वासला. मी बाजूला उभा राहून पाहिला. 

"कदेल हाडतंय," ते शेवटी म्हणाले. "पुतण्यांक घेवन—"

"मेलंय की हाड." आकाने गाठोडं मांडीवरून खाली ठेवलं. "जा. तुमी करा चवथ. मी हंयसून हात जोडतंय."

उतरताना भाटकार गाडीशी एक शब्द बोलले नाहीत. घरी आल्यावर आत गेले नाहीत. बारीक पावसात, फणसाखाली, त्या भोक पडलेल्या सोफ्यावर जाऊन बसले. वयनींनी दोनदा हाक मारली. मग त्यांनी छत्री नेऊन त्यांच्या डोक्यावर फांदीला अडकवली आणि माटोळी बांधायला घेतली. बोट दाखवायला कुणी नव्हतं. सगळे एकमेकांना विचारत होते, हे फळ कुठे?

चवथीला मी दरवर्षी मयेला घरी जायचो. सकाळी पिशवी घेऊन निघालो तर भाटकार अंघोळ करून, सोवळं नेसून गाडीपाशी उभे.

"चल. देवाक हाडूया. मगे तुका बसार सोडतंय."

चित्रशाळेतून, म्हणजे मूर्तिकाराकडून, गणपती घेतला. मी मागे बसलो, मांडीवर पाट, पाटावर गणपती, दोन्ही हातांची मिठी. भाटकार हँडलवर वाकून म्हणाले, "आज हळू चलात. फाटी कोण बसला ठाऊक असा मा?" मला वाटलं, माझ्याबद्दल बोलतायत. मग लक्षात आलं.

घर दिसू लागलं. पायऱ्यांवर वयनी, हातात निरांजन लावलेलं ताट. शेजारी भटजी छत्री घेऊन. पुतण्यांच्या हातात झांजा. फटाक्यांची माळ पेटली. वयनींनी ओवाळायला ताट वर केलं, आणि त्यांच्या ताटासमोरून गणपती निघून गेला.

"भाटकारांनो!" मी ओरडलो. "घर फाटी ऱ्हवलां!"

"ठाऊक असा."

गाडी डोंगराकडे वळली.

परक्या माणसाला यात काय विशेष, असं वाटेल. पण मूळ घरचा गणपती मूळ घरीच बसतो. घर पडलं तरी तिथेच मांडव घालून बसवतात. जागा बदलायची तर भावकी जमवायची, देवळात कौल लावायचा, आणि कौल मिळाला तरी पुढची पाच वर्षं भांडायचं. आणि इथे एक माणूस गणपतीला एटीव्हीवर घालून, कुणाला न विचारता, चिखलातून वर निघाला होता, आणि गणपती माझ्या मांडीवर होता! मागे झांजा वाजायच्या थांबल्या. फटाके तेवढे फुटत राहिले, त्यांना कोण सांगणार. मग भटजींची किंकाळी ऐकू आली.

मी डोळे मिटले. काल ज्या मुळांवरून मी उडत गेलो होतो, त्याच मुळांवरून आज गाडी अशी चढली, जशी पाण्यावरून होडी. देवाच्या कानातलं फूलसुद्धा पडलं नाही.

आका दारात होती. ती खरंच हात जोडून बसली होती, खाली घराच्या दिशेला. गाडीवर मी आणि माझ्या मिठीत गणपती बघून ती काठीशिवाय उभी राहिली.

"ह्यां काय केलंस रे?"

"हाडलंय," भाटकार म्हणाले.

गणपती दारात आला की त्याला ओवाळून आत घ्यायचं. सवाष्णीने. आका एक पाऊल मागे सरकली, मग आणखी एक. भिंतीला टेकली. "वयनी येवंदेत. मी कशी."

म्हणून आम्ही थांबलो. पाऊस लागला. भाटकारांनी अंगावरचा पंचा काढून गणपतीवर धरला. माझे हात बधिर झाले. खालून एकेक जण वर येऊ लागला. आधी पुतणे, मग चिखलाने माखलेले भटजी.

"असां चलना!" भटजी धापा टाकत म्हणाले. "ह्यां कोण सांगलां तुका? कोणाक विचारलंस?"

"तिच्या पायाक," भाटकार म्हणाले.

मग वयनी आल्या. पदराखाली ताट, वाऱ्यापासून जपलेलं निरांजन अजून जळत होतं. कढईचं प्रकरण, कड्यांचं, मुसळाचं, आणि वर हे. सगळे मागे सरले, स्फोटाला जागा देण्यासाठी. वयनींनी नवऱ्याकडे पाहिलं. भिंतीला टेकलेल्या आकाकडे पाहिलं. आणि मग त्या एकदम छातीवर हात ठेवून धापा टाकू लागल्या.

"माका धाप लागली," त्या म्हणाल्या, आणि ताट आकाच्या हातात दिलं. "हात कापतत माजे. तुमी ओवाळात, आका."

ह्या वयनी डोक्यावर काजूची भरली टोपली घेऊन हा डोंगर उतरत आणि वाटेत दोन बांधांवरून भांडतही जात. त्यांना धाप लागलेली मी कधी पाहिली नाही, कुणी पाहिली नाही.

"अगो, मी कशी ओवाळू," आका म्हणाली. "मी—"

"दिवो विजता. बेगीन."

भटजींनी तोंड उघडलं. वयनींनी मान वळवून त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. भटजींचं तोंड आता उघडलेलंच होतं, म्हणून त्यांनी त्यातून मंत्र काढायला सुरुवात केली. खणखणीत.

आका पुढे आली. किती वर्षांनी तिच्या हातात ओवाळायचं ताट होतं, हे मला माहीत नाही, पण तिने ते दोन्ही हातांनी घट्ट धरलं. भाटकारांनी तिचं कोपर धरलं.

"पाय दुकता काय गो?" त्यांनी विचारलं.

"दुकता," आका म्हणाली. "गप ऱ्हव. देव बघता." तिने ओवाळलं, एकदा, दोनदा, पुन्हा एकदा, थांबायचं विसरल्यासारखी. पावसात कुणी हललं नाही. मग तिने ताट खाली घेतलं, डोळे पुसले आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "आनी तू रे डिचोलकारा, आता तरी सोड तेका. भितर येवंदी."